डाव्या हाताची सही

लक्ष्मीपुरीत, पतसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर,
शमशाद पटवेगारांनी पिशवीतून हप्त्यांचं कार्ड काढलं
आणि वसुली अधिकारी शिंकले.
चार वर्षं ते कार्ड
मिरची कांडपाच्या डंकाशेजारी खिळ्याला लटकत होतं.
कोपरे लाल. 'जमा'च्या रकान्यावर
लाल बोटं.

खाली डंक, वर दोन खोल्या, सगळंच गहाण.
एकशे एकचा दाखला झाला,
जप्तीची नोटीस दाराला डकवून गेले. खळ अजून ओली होती
तेव्हा बाईंनी ती वाचली,
मग चष्मा पुसून परत वाचली.

संस्थेच्या खतावणीत अकरा हप्ते नाहीत.
कार्डावर आहेत.
"अकराच्या अकरा सह्या हायत की वं सायेब,
का मीच गिरवल्या म्हणता?"

त्या सह्या कुणाच्या, ते सांगायला मला बोलावलंय.

अण्णाप्पा वणकुद्रे, पिग्मी एजंट,
एकोणीस वर्षं गंगावेस ते पापाची तिकटी,
एम-एटीच्या हँडलला खाकी पिशवी.
घरी आले की पाय धुवायच्या आधी
नोटा सारख्या करायचे, सगळी तोंडं एकीकडं.

साहेबांनी नमुना सही समोर ठेवली.
उभी, ताठ, 'व'च्या पोटात एक गाठ, शेवटी दोन टिंबं.
शेजारी कार्डावरच्या:
शाईत पडलेली मुंगी बाहेर निघून
जमेल तशी चालत गेल्यासारख्या.
"या तुमच्या वडिलांच्या नाहीत ना, ताई?"
त्यातला 'ना' त्यांनी
खुर्चीसारखा माझ्याकडं सरकवला.

बसता आलं असतं.

त्या श्रावणात अप्पांची उजवी बाजू गेली.
तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझी जीवशास्त्राची वही मागितली,
मागच्या पानांवर डाव्या हातानं
वणकुद्रे, वणकुद्रे, वणकुद्रे,
पान भरलं की दुसरं.
"हात नवा हाय. माणूस जुनाच."
संस्थेला कळवलं नाही, एजन्सी काढून घेतील म्हणून.
गल्लीतला पोपट गाडी चालवायचा,
अप्पा मागं, पिशवी मांडीवर, उजवा हात
पिशवीवर ठेवलेला, वजन म्हणून.

म्हणजे सह्या त्यांच्याच.
म्हणजे पैसे आले.
जिना चढताना मी एक गोष्ट रचून बघितली,
काउंटरवरच्या कुणी दुसऱ्यानंच, नाहीतर खतावणी बदलताना कुठंतरी.
पहिल्या मजल्यापर्यंत ती टिकली.

कार्डावर नऊ डिसेंबर, चार हजार दोनशे.
मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात माझी पहिली फी
अकरा डिसेंबरला.
ती पावती माझ्याकडं आहे. छापील, शिक्क्याची.
तिच्यावर कुणाचाच वाद नाही.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं केला:
सदर सह्या माझ्या वडिलांच्या नसून…
"मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं?
आणि वारस म्हणून उद्या तुमच्याकडंच…"
वाक्य अर्धं सोडून ते पुन्हा शिंकले.

शमशादबाई माझ्याकडं बघत नव्हत्या.
कार्डाकडं बघत बोलल्या, कुणालाच न सांगितल्यासारखं,
"वणकुद्रे कधी शिंकायचा न्हाई.
दारातनंच, वैनी आधी पाणी द्या.
एका हातात तांब्या, त्याच हातानं सही.
हितं बघा, सांडलंय."

एप्रिलच्या ओळीत, तिखटाच्या डागात,
पाण्याचा एक गोल फिका होता.

मी वही आणली होती.
का आणली, ते घरून निघताना ठरलं नव्हतं.
टेबलावर आधी पालथी ठेवली,
बेडकाच्या हृदयाची आकृती खाली गेली,
मागचं पान वर आलं.

"डावा हात होता," म्हटलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं.
शमशादबाईंनी कार्ड पिशवीत ठेवलं नाही,
माझ्या वहीला लागून ठेवलं,
आणि मला विचारलं,
"नोकरी लागली का गं तुला?"